कुठंच न थांबता पुणं!

पुण्याहून तासगावात कुणी आलं की पहिली फुशारकी ठरलेली: "कुठंच थांबलो नाय!" बोलताना एक हात मात्र कमरेवर. मी बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची गाडी चालवतो; मला यात कसलीच मर्दुमकी दिसत नाही. एकाच जागी बसून पाठीचे स्नायू आखडतात, वर गाडीचे हादरे मणक्यांना बसतात. महागड्या उशीनं हे टळत नाही, खाली उतरावंच लागतं. कराडला एकदा, साताऱ्यापुढं एकदा, पाच मिनिटं चाला.

शेटजींच्या मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट मी निघण्याआधीच काढायला लावतो. त्यावर बसलं की कंबर तिरकी होते. (मी पैसे मोजतोय असं वाटून एकजण रागावलेही!) चालवणाऱ्यानं सीट इतकी पुढं घ्यावी, की क्लच पूर्ण दाबतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील. कमरेमागं टॉवेलची गुंडाळी पुरते. पायाला मुंग्या येऊन राहिल्या, तर मात्र डॉक्टरच गाठा.

१९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं पाच तासांहून जास्त सलग काम नको, मध्ये अर्धा तास विश्रांती हवी, असं सांगितलं. तरी मालक घड्याळच दाखवतात. शेटजी, पुढच्या खेपेला अर्धा तास लवकर निघूया.