नागलीची भाकरी आणि गावाचे आरोग्य

जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा व अकोले या डोंगरी तालुक्यांतील वारली, कोकणा, ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांच्या ताटाकडे पाहिले असता गेल्या काही पिढ्यांत झालेला पालट सहज ध्यानी येतो. नागलीची भाकरी, उडदाचे अगर कुळथाचे कालवण आणि रानातील भाजी हे जेथे नित्याचे अन्न होते, तेथे आता बहुधा पांढरा भात, पातळ वरण आणि मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा दिसतो. पोट भरते, परंतु पोट भरणे म्हणजे पोषण होणे नव्हे.

पालटाची कारणे

हा पालट एका कारणाने झालेला नाही. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलातील वावर आणि फिरती शेती यांवर बंधने आली. वरकस जमिनीत नागली, वरी व खुरासणी यांचा फेर घेऊन नंतर जमीन पडीक ठेवण्याची रीत जमीन अपुरी पडू लागल्याने मोडत गेली. रास्त भावाच्या दुकानातून तांदूळ व गहू घरोघर पोहोचले. या सर्वांहून खोलवर परिणाम केला तो लाजेने. ‘काळी भाकरी’ हे दारिद्र्याचे लक्षण ठरले आणि पाहुण्यापुढे भात वाढण्यात प्रतिष्ठा आली. या समजुतीस शासकीय भाषेनेही हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. ज्या धान्याला वर्षानुवर्षे ‘भरड’ म्हटले, त्याचा मान कोण राखणार? २०१८ साली केंद्र शासनाने त्यास ‘पौष्टिक तृणधान्य’ हे नाव दिले; पण कागदावरील नाव बदलले म्हणून मनातील हीनभाव जात नाही.

काय गमावले

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम भरते. उडीद-कुळथातून प्रथिने, खुरासणीतून स्निग्धांश आणि टाकळा, कुरडू, माठ यांसारख्या पालेभाज्यांतून लोह व अ जीवनसत्त्वाचे घटक मिळत. ताट एका धान्यावर आले, की त्याची झळ प्रथम गरोदर मातेस व दूध सुटू लागलेल्या बालकास लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. अनुसूचित जमातींत हे प्रमाण ४०.९ टक्के होते. याचा सर्व दोष आहारास देता येणार नाही. दूषित पाणी, वारंवार होणारे आजार व मातेचे अतिश्रम हेही त्यास कारण आहेत. तथापि आहाराचा वाटा लहान नाही.

जुने सर्वच चांगले होते, असेही म्हणणे नाही. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होत आणि पुन:पुन्हा उकडून कडूपणा घालविलेल्या कंदांवर दिवस काढावे लागत. वरी कांडताना स्त्रियांचे हात सोलून निघत. दुकानातील तांदळाने ही उपासमार कमी केली, हे उपकार विसरता येणार नाहीत. म्हणून प्रश्न तांदूळ टाकण्याचा नाही. त्याच्या शेजारी नागलीची जागा राखण्याचा आहे.

कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आहार शिकविण्यापूर्वी गावचा आहार शिकून घ्यावा. कोणत्या महिन्यात कोणती भाजी येते आणि ती कशी शिजवितात, हे वृद्ध स्त्रियांस विचारून टिपून ठेवावे. बियाणेही त्यांच्याच मडक्यांत सापडेल. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे जे जतन केले, त्याबद्दल त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. भिजवून मोड आणलेल्या नागलीचे सत्त्व बालकांस द्यावे. मोड आल्याने त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. वरी सडण्याचे लहान यंत्र गटाने घेतले, तर कांडणाचे कष्ट वाचतील.

शेतकऱ्याने विक्रीच्या पिकाआधी घरापुरती नागली, तिच्यासोबत उडीद व कुळीथ पेरावा. शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचाही समावेश आहे. तालुक्यात पिकलेली नागली आधारभावाने तेथेच खरेदी करून तेथील दुकानांतून, आश्रमशाळांतून आणि २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेच्या ताटातून दिली, तर शेतकऱ्यास बाजार मिळेल व मातेस कस मिळेल. खरेदी दूर राहिली, तर आधारभाव कागदावरच राहील.

कार्यकर्ता पाड्यावर जातो तेव्हा त्याच्यासाठी मुद्दाम भात शिजविला जातो. त्याने आग्रहाने नागलीची भाकरी मागून घ्यावी. व्याख्यानाने जे साधत नाही, ते त्या एका पंगतीने साधेल.