‘धन’चा ‘घन’ होतो तेव्हा

हॉस्टेलवर कुणाचा नवा मॉनिटर आला की पहिल्या दिवशी अख्खा मजला तो बघायला येतो. दुसऱ्या दिवशी मालकाला अक्षरं बारीक वाटायला लागतात. मग तो डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ३८४०×२१६० चं १९२०×१०८० करतो आणि वर म्हणतो, "आता कसं मस्त दिसतंय!" मस्त वगैरे काही नाही, नुसतं मोठं दिसतंय. घरच्यांनी ८२,९४,४०० पिक्सेलचे पैसे मोजले आणि हा पठ्ठ्या चित्र मागवतोय २०,७३,६०० चं. चार भाकऱ्यांचं पीठ घ्यायचं, एकच भाकरी थापायची आणि तीच ताणून ताटभर करायची, असला हा प्रकार.

मित्रांनो, माझं मत सरळ आहे. अक्षरं मोठी करायला रिझोल्यूशनला हात लावू नये. रूमवर नाही, लॅबमध्ये नाही, सेमिनार हॉलमध्ये तर नाहीच नाही.

ही सवय आपल्याला लागली सीआरटीच्या काळापासून. त्या पोट सुटलेल्या काचेच्या डब्यात इलेक्ट्रॉनची शलाका पडद्यावर ओळी ओढत जायची. तिला ६४०×४८० सांगा, ८००×६०० सांगा, १०२४×७६८ सांगा, ती तेवढ्या ओळी ओढायची. पडद्यावरचे फॉस्फरचे ठिपके ठरलेले असायचे, पण त्यांचा आणि कॉम्प्युटरच्या पिक्सेलचा एकास एक हिशेब नव्हता. त्यामुळे अक्षर बारीक वाटलं की रिझोल्यूशन कमी करणं हा तेव्हा अगदी बरोबर उपाय होता. आपल्या बऱ्याच सरांचा हात त्यावर बसला, आणि आपण त्यांचं बघून शिकलो.

एलसीडीचं तसं नाही. एलसीडी म्हणजे फरशा बसवलेली जमीन. फरशांची संख्या कारखान्यातच ठरते आणि एका फरशीला एका वेळी एकच रंग देता येतो, अर्धी फरशी काळी आणि अर्धी पांढरी करता येत नाही. बाहेरून कमी पिक्सेलचं चित्र आलं की उरलेल्या फरशांना कुठला रंग द्यायचा, हे कुणीतरी अंदाजाने ठरवावं लागतं. हे काम मॉनिटरमधली स्केलर चिप करते, नाहीतर ग्राफिक्स कार्ड.

आता जरा कागद-पेन घ्या. पांढऱ्या पानावर एक पिक्सेल जाडीची काळी उभी रेघ आहे. पांढरं म्हणजे २५५, काळं म्हणजे ०. चित्र बरोबर दुप्पट करायचंय. साधा विचार केला तर प्रत्येक पिक्सेल दोनदा लिहायचा: २५५, २५५, ०, ०, २५५, २५५. रेघ दोन फरशांची झाली, कोळशासारखी काळी राहिली, विषय संपला. पण बहुतेक स्केलर शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतात. त्यातली सगळ्यात साधी पद्धत, बायलिनियर, हाच हिशेब असा करते: २५५, १९१, ६४, ६४, १९१, २५५. नीट बघा, या रांगेत शून्य कुठेच नाही! मूळ रेघ काळी होती. आता पडद्यावर एकही काळी फरशी नाही, चार राखाडी आहेत. डोळा बिचारा फोकस करायला बघतो, पण तिथे फोकस करण्यासारखी कडाच शिल्लक नसते. रात्री दोनपर्यंत पीडीएफ वाचून डोळे चुरचुरले की आपण चष्म्याच्या नंबरला दोष देतो. कधीकधी दोष या १९१ आणि ६४ चा असतो.

ही झाली बरोबर दुपटीची गोष्ट. आपल्याकडे २५६०×१४४० वाले मॉनिटरही बरेच आहेत आणि त्यांच्यावर १०८० चालवणारेही. तिथे तीन पिक्सेल चार फरशांत बसवायचे असतात. गंमत म्हणजे त्याच बायलिनियरने तीनपैकी पहिल्या जागी पडलेली रेघ एका फरशीत जवळपास काळी उमटते, आणि मधल्या जागी पडलेली तीच रेघ दोन फरशांत सारखी राखाडी होते. मॅटलॅबच्या आलेखातली ग्रिड एका ठिकाणी ठळक, शेजारी पुसट. व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतील, "ही रेघ जाड का काढली?" काय उत्तर देणार!

इंग्रजी अक्षरं हे सगळं त्यातल्या त्यात सोसतात. मराठीचं मात्र खरं नुकसान होतं. आपल्या लिपीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेच्या तुटीचा असतो. लहान अक्षरात ती तूट जेमतेम एखाद्या पिक्सेलची. ती राखाडी झाली की ‘धन’ आणि ‘घन’ एकच दिसायला लागतात, ‘भार’ आणि ‘मार’ एकच. इंजिनिअरिंगच्या मुलाला धन विद्युतभार आणि घन पदार्थ यांत फरक करता आला पाहिजे, हे मान्य आहे ना? या मासिकाचं मराठी विभागाचं प्रूफ स्क्रीनवर तपासणाऱ्यांना विचारा.

"पण फोर-केवर १०८० म्हणजे बरोबर दुप्पट, मग पहिल्या पद्धतीने एकाचे चार पिक्सेल का नाही करत?" हा प्रश्न मला कायम पडतो आणि माझा खरा राग इथे आहे. करता येतं. २०१० च्या आयफोन ४ चा पडदा आधीच्या ३२०×४८० च्या बरोबर दुप्पट, ६४०×९६० ठेवला होता. १४४०×९०० च्या जागी २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोला २८८०×१८०० दिलं, तेही दुप्पटच. पडदा ठरवतानाच पूर्णांक धरला की पुढचे अर्धे प्रश्न सुटतात, हे त्यांना कळलं होतं. मॉनिटरमधल्या बहुतेक स्केलर चिप मात्र प्रमाण काहीही असो, तोच फिल्टर फिरवतात, आणि तो बंद करायचं बटण मेन्यूत सहसा नसतं. ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमध्ये ‘इंटिजर स्केलिंग’ची सोय इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडी यांनी आणली ती २०१९ मध्ये, गेम खेळणाऱ्यांनी अनेक वर्षं मागणी केल्यावर. एका पिक्सेलचे चार करायला एफ.ई.च्या मुलाला दोन फॉर लूप लागतात!

फिल्टर वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. पिक्चर बघताना किंवा फोटो मोठा करताना तोच हवा. चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्याच्या धारदार कडा नसतात, तिथे दुपटीची पद्धत लावली तर हिरोच्या गालावर चौकोन दिसतील. अक्षर, सर्किट, कॅडची रेघ, जुन्या गेममधली चित्रं यांना कडा हवी. चित्राची जात बघून निवडायचा हक्क बघणाऱ्याला असावा, एवढंच.

तर करायचं काय? विंडोजमध्ये रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’वरच ठेवायचं आणि त्याच्याच वर असलेलं ‘स्केल’ १२५, १५० किंवा २०० टक्के करायचं. मग अक्षराचा आकार फाँटमधून नव्याने काढला जातो. अक्षर मोठं होतं आणि कडाही राहते. गेम जड जात असेल तर गेमच्या आत ‘रेंडर स्केल’ कमी करा, किंवा डीएलएसएस, एफएसआर असेल तर ते लावा. त्यात थ्रीडी दृश्य कमी पिक्सेलवर काढून मोठं केलं जातं, पण मेन्यू आणि अक्षरं साधारणपणे पूर्ण रिझोल्यूशनवरच राहतात. आणि रिझोल्यूशन कमी करावंच लागलं तर पूर्ण भाग जाईल असा आकडा निवडा: फोर-केवर १०८० किंवा ७२०, १४४० वर ७२०. सोबत ड्रायव्हरमधलं इंटिजर स्केलिंग चालू करा. स्केलिंग कोण करतंय ते मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत कळतं. विंडोजमध्ये १०८० आणि मेन्यूत २१६० दिसलं, तर काम ग्राफिक्स कार्ड करतंय.

स्टाफला एक विनंती. सेमिनार हॉलमध्ये "सगळ्यांना चालतं" म्हणून लॅपटॉप १०२४×७६८ वर नेला जातो. प्रोजेक्टरच्या फरशा १९२०×१०८० असतील तर मागच्या बाकावर पोचतं ते धुकं. स्लाइडचा फाँट मोठा करा, रिझोल्यूशन प्रोजेक्टरचंच ठेवा. लॅबमध्येही कुणी अक्षर मोठं करायला आलं तर लॅब असिस्टंटनी त्याला स्केलच दाखवावं.

लॅबच्या पुढच्या खरेदीत फोर-केचा मोह झाला तर आधी आपली सॉफ्टवेअर्स तपासून घ्या. ज्यांना स्केलिंग कळत नाही अशा जुन्या प्रोग्रामची खिडकी विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, आधी लहान काढून मग चित्रासारखी ताणते, आणि पुन्हा तोच १९१-६४ चा खेळ सुरू होतो. ज्या लॅबमध्ये असली सिम्युलेशन सॉफ्टवेअर्स रोज चालतात, तिथे २७ इंची फोर-केपेक्षा २४ इंची साधा १०८० वाला मॉनिटर मी डोळे झाकून घेईन.