मॅगझिनाची खाच आणि धोरणातील फट

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावर इशापूर वसले आहे. तेथील रायफल निर्माणी १९०४ पासून भारतीय जवानाच्या हातात शस्त्र देत आली. त्याआधी शंभर वर्षे, म्हणजे १८०१ मध्ये, याच नदीकाठी काशीपूर येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला होता; देशातील आयुध निर्माणी त्यालाच आपला आरंभ मानतात. म्हणून भारतीय शस्त्रनिर्मितीचा प्रश्न समजून घ्यायचा तर कोलकात्यापासून सुरुवात करणे योग्य ठरते. मात्र या वेळी लक्ष वेधायचे आहे ते रायफलीकडे नव्हे, तिच्या पोटात बसणाऱ्या एका पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डबीकडे, म्हणजे मॅगझिनाकडे, आणि एका जातीचे मॅगझीन दुसऱ्या जातीच्या रायफलीत बसवू पाहणाऱ्या जोडतुकड्याकडे.

रायफलींच्या खरेदीची चर्चा आपल्याकडे पल्ला, कॅलिबर, किंमत आणि परदेशी भागीदार या चार मुद्द्यांभोवती फिरते. मॅगझिनाचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक अर्धस्वयंचलित किंवा स्वयंचलित शस्त्राची विश्वासार्हता बव्हंशी त्यावर अवलंबून असते. काडतूस नेमक्या कोनात, नेमक्या क्षणी नळीच्या तोंडाशी पोहोचले नाही, तर उत्तमातील उत्तम रायफल म्हणजे एक जड काठी. त्यामुळे जेथे शस्त्र एका कुळातील आणि मॅगझीन दुसऱ्या कुळातील असते, तेथे मधला सांधा जुळवून घेण्याचा मोह होतो. अमेरिकेसारख्या देशात हा हौशी मंडळींचा आणि छोट्या उद्योगांचा उद्योग आहे. भारतात सर्वसामान्य नागरिकाला असे करण्याची मुभा नाही. पण हा प्रश्न आपल्याला लागू नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे तो तीन वेगळ्या दारांनी आत आला आहे: लष्करी रचना, कारखान्यातील भंगार आणि कायद्याची परिभाषा.

पहिले दार रचनेचे. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचा आराखडा घेऊन ती ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी घडवली. ‘२अ’ आणि ‘२अ१’ या नावांनी ती ओळखली जाते. जुन्या ३०३ काडतुसाच्या बुडाला कडा होती, नव्याला ती नव्हती. एवढ्या फरकासाठीही मॅगझीन नव्याने आखावे लागले. त्याच सुमारास बेल्जियमच्या ‘एफएएल’ रायफलीवर बेतलेली ‘१अ१’ ही स्वयंभरणी रायफल इशापूरला तयार होऊ लागली. या रायफलीचे जगात दोन गोत्र होते, एक इंचांच्या मापाचे आणि दुसरे मेट्रिक मापाचे. इंच गोत्रातील मॅगझीन मेट्रिक गोत्रातील रायफलीत बसत नाही. भारताने आपली आवृत्ती परवान्याविना, दोन्ही गोत्रांतून थोडे-थोडे घेत स्वतः रचली. स्वावलंबनाचा तो अभिमानास्पद टप्पा होता. पण आपले सुटे भाग बाहेरच्या कोणाशी निर्धास्तपणे अदलाबदल करता येणार नाहीत, ही किंमतही त्यात दडलेली होती.

पुढे पुण्यातील पाषाण येथील शस्त्र संशोधन संस्थेने ‘इन्सास’ची रचना केली आणि तिची निर्मिती इशापूरला झाली. म्हणजे महाराष्ट्राची आरेखन-मेज आणि बंगालची कार्यशाळा यांची ही संयुक्त संतती. १९९९ च्या कारगिल युद्धात हिमशिखरांवरच्या थंडीत तिची अर्धपारदर्शक प्लास्टिकची मॅगझिने तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. किती गोळ्या उरल्या हे जवानाला बाहेरून दिसावे, हा त्या पारदर्शकतेमागचा हेतू सुज्ञ होता. परंतु उणे तापमानात ते द्रव्य किती टिकेल, याचा विचार पुरेसा झाला नव्हता. २०१७ मध्ये इशापूरने ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल चाचणीसाठी दिली, तेव्हा लष्कराने ती नाकारली. नकाराच्या कारणांमध्ये मॅगझीन भरणे सुलभ व्हावे यासाठी त्याची फेररचना आवश्यक असल्याचा मुद्दाही होता. अठरा वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या रायफली त्याच अवयवापाशी अडखळल्या, ही बाब योगायोगावर सोडून देता येणार नाही.

आजची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. लष्कराकडे ५.५६ मिलिमीटरची इन्सास अद्याप आहे. २०१९ मध्ये ७२,४०० अमेरिकी ‘सिग-७१६’ रायफलींची मागणी नोंदवली गेली आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० ची. त्यांचे काडतूस ७.६२ बाय ५१. उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ तयार व्हायच्या आहेत. त्यांचे काडतूस ७.६२ बाय ३९. म्हणजे एकाच पायदळात तीन काडतुसे आणि परस्परांत न बसणारी तीन प्रकारची मॅगझिने. प्रत्येक खरेदीला तिचे स्वतंत्र समर्थन होते. सीमेवरील तातडी, दहशतवादविरोधी कारवाईच्या गरजा, मित्रराष्ट्राशी असलेले संबंध अशी कारणे खोटी नव्हती. पण तीन योग्य निर्णयांची बेरीज एका विस्कळीत पुरवठासाखळीत झाली. युद्धाच्या धुमश्चक्रीत शेजारच्या जवानाकडून भरलेले मॅगझीन मागून घेता येणे, ही सोय कागदावर क्षुल्लक वाटते; खंदकात ती जीव वाचवते.

पाश्चात्त्य राष्ट्रांनी या प्रश्नाला एक उत्तर शोधले. १९८० मध्ये ‘नाटो’त ५.५६ च्या रायफलींसाठी एकच मॅगझीन असावे, असा प्रस्ताव आला. गंमत अशी की, त्याला औपचारिक मान्यता कधीच मिळाली नाही. तरीही अनेक देशांनी आणि उत्पादकांनी तेच माप व्यवहारात स्वीकारले. सामायिक मानक असेल तर जोडतुकड्याची गरजच उरत नाही. मानक नसेल तेथे जुगाड जन्म घेतो. हा धडा भारतासाठी महत्त्वाचा आहे, कारण जुगाडाचे कौतुक करण्यात आपण पटाईत आहोत, पण शस्त्राच्या बाबतीत त्याचा हिशेब कोणाला चुकवावा लागतो, याकडे आपण पाहत नाही.

दुसरे दार कारखान्याच्या मागच्या बाजूला उघडते. २०१७ आणि २०१८ मध्ये कोलकाता पोलिसांच्या विशेष कृती दलाने इशापूर निर्माणीशी संबंधित काही जणांना अटक केली. गुणवत्ता तपासणीत नाकारलेले सुटे भाग बाहेर काढून ते बिहारमधील शस्त्रतस्करांना विकले जात, असा आरोप होता. २०१८ मध्येच मध्य प्रदेशातील जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारातून ‘एके-४७’चे भाग मुंगेरला गेल्याचे प्रकरण उघड झाले आणि तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. बंगालचा नवाब मीर कासीम याने अठराव्या शतकात आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि तेथे शस्त्रशाळा उभारली. तेव्हापासून त्या गावाच्या बोटांत बंदूक घडवण्याचे कसब आहे. कंपनीशी लढण्यासाठी रुजवलेली ही विद्या आज गुन्हेगारी टोळ्यांच्या सेवेला लागली आहे.

या प्रकरणांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. तस्कराला संपूर्ण रायफल चोरावी लागत नाही. संपूर्ण रायफलीवर क्रमांक असतो, तिची नोंद असते, ती हरवली तर चौकशी होते. सुटा भाग मात्र ‘नाकारलेला’ म्हणून नोंदवहीतून बाहेर पडतो आणि भंगारात जाताना त्याची ओळख पुसली जाते. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले असे भाग कुशल कारागीर जुळवतो. अशा वेळी जो सांधा जुळत नाही तो जुळवून घेणे, हेच त्याचे खरे कौशल्य असते. त्या शस्त्रांचे पुढे काय होते, हे बंगाल आणि महाराष्ट्र दोघांनाही ठाऊक आहे. १५ फेब्रुवारी २०१० रोजी सिल्दा येथील तळावर माओवाद्यांनी हल्ला करून ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे २४ जवान मारले आणि त्यांची शस्त्रे पळवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत वरिष्ठ माओवादी नेता भूपती आपल्या साठ सहकाऱ्यांसह शरण आला, तेव्हा खाली ठेवलेल्या शस्त्रांत ‘एके-४७’बरोबर ‘इन्सास’ही होत्या. पुण्यात रचलेली, इशापुरात घडलेली रायफल शेवटी गडचिरोलीच्या जंगलातून सरकारजमा व्हावी, या प्रवासाचा प्रत्येक टप्पा नोंदवलेला असायला हवा होता.

तिसरे दार कायद्याचे. १९५९ चा शस्त्र अधिनियम या बाबतीत समजला जातो त्यापेक्षा अधिक दूरदर्शी आहे. त्यातील ‘शस्त्रे’ या संज्ञेत शस्त्रांचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. परवान्याविना त्यांची निर्मिती करता येत नाही. प्रतिबंधित शस्त्राच्या व्याख्येत तर मॅगझिनाचा थेट उल्लेख आहे. चाप दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ते शस्त्र प्रतिबंधित. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. शस्त्र नियम, २०१६ मधील एका वर्गातील बंदुकीचे परवान्याविना दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे आता बेकायदा आहे.

मग फट कोठे आहे? ती अंमलबजावणीच्या तपशिलात आहे. सुटा भाग हे शस्त्रच आहे असे कायदा म्हणतो, पण आपली नोंदव्यवस्था रायफल मोजते, मॅगझीन मोजत नाही. याचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, हे न्यूझीलंडने अनुभवले. तेथे साध्या परवान्यावर कमी गोळ्यांच्या मॅगझिनाची अर्धस्वयंचलित रायफल घेता येत होती, आणि मोठे मॅगझीन विकत घ्यायला परवानाच लागत नव्हता. दोन वस्तू स्वतंत्रपणे कायदेशीर. एकत्र येताच त्यांचे लष्करी धाटणीचे शस्त्र होई. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराने हीच फट वापरली. महिन्याभराच्या आत तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी नवा कायदा केला. त्याच्या शीर्षकातच शस्त्रांबरोबर मॅगझिने आणि सुटे भाग यांचा उल्लेख आहे. भारताचा परवाना कायदा त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्याहून पुष्कळ कडक आहे. दोन्ही देशांची तुलना सरसकट करता येणार नाही. तरी शस्त्राचा वर्ग अनेकदा त्याच्या सर्वांत स्वस्त भागावरून ठरतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

या पार्श्वभूमीवर एका बदलाचा विचार अपरिहार्य आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी कोलकात्यात मुख्यालय असलेले आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि त्याच्या ४१ निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. इशापूर आता कानपूरस्थित कंपनीचा भाग आहे. त्याच वेळी लहान शस्त्रांच्या क्षेत्रात खासगी उत्पादकांचा प्रवेश वाढला आहे. स्पर्धेमुळे गुणवत्ता सुधारेल ही अपेक्षा रास्त आहे. इशापूरच्या मॅगझिनांचा इतिहास पाहता ती आवश्यकही आहे. परंतु उत्पादक वाढले की पुरवठादार, उपकंत्राटदार आणि भंगाराचे ढीगही वाढतात. पूर्वी एका मंडळावर असलेली जबाबदारी आता अनेकांवर विखुरली आहे. विखुरलेली जबाबदारी कोणाचीच नसते, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

तीन गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. प्रत्येक कॅलिबरसाठी मॅगझिनाचे एकच राष्ट्रीय मानक लष्कराने निश्चित करावे आणि पुढील प्रत्येक निविदेत ते अटीच्या रूपाने घालावे. तातडीची आयात सोडली, तर परदेशी उत्पादकानेही त्या मापाशी जुळवून घ्यावे. नाकारलेला प्रत्येक महत्त्वाचा भाग कारखान्याच्या आवारातच, कंपनीबाहेरील साक्षीदारासमोर, पुन्हा वापरता येणार नाही असा नष्ट व्हावा आणि त्याची वजनावर नव्हे तर नगावर नोंद राहावी. आणि मॅगझीन, तसेच ते जुळवणारा कोणताही जोडतुकडा, यांचा शस्त्र नियमांत नावानिशी समावेश करून त्यांच्यावर उत्पादक व तुकडी ओळखता येईल अशी खूण सक्तीची करावी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मॅगझीन ही झिजणारी, हरवणारी, लाखोंनी लागणारी वस्तू आहे. प्रत्येकीवर क्रमांक टाकून तिचा माग ठेवणे म्हणजे जवानाला कारकून बनवणे. चकमकीत रिकामे मॅगझीन टाकून देणाऱ्या शिपायाकडून नंतर त्याचा हिशेब मागणे अमानुष ठरेल. म्हणूनच येथे प्रत्येक नगाचा क्रमांक न सुचवता तुकडीची खूण सुचवली आहे. औषधाच्या पाकिटावर ती असतेच. तापाची गोळी कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात तयार झाली हे आपण सांगू शकतो; बंदुकीची गोळी ज्यातून सुटते त्या भागाबाबत ते सांगता येऊ नये, याचे समर्थन अवघड आहे.

इशापूरच्या कामगारांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. काही जणांवरील आरोपांमुळे सव्वाशे वर्षांच्या परंपरेवर संशय घेणे अन्यायाचे होईल. चोख नोंद आणि ठाम मानक यांचा सर्वाधिक लाभ प्रामाणिक कारागिरालाच होतो, कारण त्याच्या हातून निर्दोष निघालेली वस्तू निर्दोष असल्याचा पुरावा त्यातून राहतो. कारगिलच्या शिखरावर तडकलेल्या मॅगझिनाने आपल्याला रचनेची किंमत शिकवली. मुंगेरच्या वाटेने गेलेल्या सुट्या भागांनी नोंदीची किंमत शिकवली. पुढील रायफलीचा करार होईल तेव्हा तिच्या पल्ल्याइतकीच तिच्या मॅगझिनाची खाचही संरक्षण मंत्रालयाच्या मेजावर मोजली गेली पाहिजे.