सुरांची साक्ष

अकोल्याच्या दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार असलेल्या माझ्या वडिलांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते ओसरीवर जमलेल्या शेजाऱ्यांसमोर जितक्या गांभीर्याने मांडीत, तितक्याच गांभीर्याने जेवणाच्या पंक्तीत आम्हा मुलांसमोरही मांडीत : साक्षीदाराने जे पाहिले आणि जे ऐकले तेवढेच सांगावे, त्यापुढे जाऊन जो एका पक्षाची कड घेतो, हाकिमाला कणव यावी म्हणून गळा काढतो, त्याच्या जबानीतला खरा भागही मग कोणी खरा मानीत नाही. हे शहाणपण त्यांनी कज्जांच्या मिसली चाळता चाळता मिळविले होते. चित्रपट त्यांनी आयुष्यात फारसे पाहिले नाहीत, आणि संगीताचे शास्त्र तर त्यांना मुळीच अवगत नव्हते. परंतु चित्रपटातील संगीत कथेसाठी नेमके काय करते आणि प्रेक्षकाच्या मनाची अवस्था कशी घडविते, या प्रश्नाचा पुढे मी पुष्कळ वर्षे जो विचार केला, त्याला वडिलांच्या या वचनाहून अधिक भरवशाचे माप मला अन्यत्र कोठेही सापडले नाही.

१९५५च्या आसपासची गोष्ट असेल. वऱ्हाडचे चारही जिल्हे तेव्हा मध्यप्रदेश राज्यात मोडत होते, आणि अकोल्याची सकाळ सावतराम गिरणीच्या भोंग्याने होत असे. शहरातल्या एका चित्रपटगृहात प्रभातचा जुना 'कुंकू' पुन्हा लागला होता, आणि कोणत्या विचाराने कोण जाणे, वडिलांनी आजीला तो दाखवावयाचे ठरविले. माझी आजी अकराव्या वर्षी एका बिजवराला दिलेली, विशीत पाऊल पडताच विधवा झालेली. ज्या वस्तूचे नाव त्या चित्रपटाला दिलेले होते, ती वस्तू तिच्या कपाळावर चाळीस वर्षांत उमटली नव्हती. खेळ चालू असताना तिने डोळ्यांना पदर लावला नाही, की मुखातून अवाक्षर काढले नाही. परतताना टांगा टिळक रस्त्याला लागला, तेव्हा तिने वडिलांना एवढेच विचारले, "काऊन रे बापू, त्या वकिलाच्या घरातलं थे घड्याय आपल्याच घरचं होय का?" वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर ती दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली पुष्कळ रात्र होईपर्यंत बसून राहिली, आणि आजवर ज्याची मला जाणीवही नव्हती ती त्या घड्याळाची टकटक मी त्या रात्री प्रथमच ऐकली.

शांताराम, शांता आपटे, केशवराव दाते ही नावे 'कुंकू'च्या संदर्भात सर्वांच्या तोंडी असतात. परंतु हे घड्याळ आजीच्या कानापर्यंत ज्या संगीतकाराच्या संयमामुळे पोहोचले, तो आमच्या वऱ्हाडचाच होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ साली अमरावतीत झाला. वैद्यकाचा अभ्यास अर्धवट टाकून ते गाण्याकडे वळले, 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहू लागले, आणि थोर गवयाच्या गायकीचे मर्म सामान्य वाचकाला शब्दांतून उलगडून दाखविणारी जी संगीतसमीक्षा मराठीत रुजली, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होऊ लागली. मला वाटते, स्वर योजण्यापूर्वी स्वर पारखण्याची ही जी सवय त्यांच्या अंगी मुरली, तीच पुढे चित्रपटात त्यांच्या कामी आली. कारण रचनाकाराला सूर सुचणे ही देणगी असते, परंतु सुचलेला सूर या प्रसंगी नको, असे स्वतःलाच बजावण्याला परीक्षकाचाच विवेक लागतो.

त्या विवेकाचे मोल कळावयाचे तर त्या काळाचा शिरस्ता ध्यानात घ्यावा लागेल. १९३१ साली 'आलम आरा'ने हिंदी चित्रपटाला वाचा दिली, आणि वाचा फुटताच तो इतका गाऊ लागला, की दुसऱ्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभा'त गाण्यांची संख्या सत्तरीच्या घरात गेली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' हाही १९३२चाच; त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. संगीत नाटकाच्या वैभवात वाढलेल्या प्रेक्षकाला पात्राने प्रसंग थांबवून गावे यात काहीच वावगे वाटत नव्हते. शिवाय नट अभिनय करता करताच गात असे, वादक कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करीत, आणि दोन्ही एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे गाणे हा कथेतला स्वतंत्र सोहळाच होऊन बसे. कथा उभी राही, गाणे पुढे जाई. आणि गाणे संपले, की कथा पुन्हा चालू लागे.

केशवरावांनी या रूढीशी पहिला सामना रंगभूमीवर केला. नाट्यमन्वंतर या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले, आणि त्यात त्यांनी मोजकी, आटोपशीर, भावगीताच्या वळणाची पदे योजिली. ती पत्नी ज्योत्स्नाबाईंनी ज्या साधेपणाने गायिली, त्या साधेपणात नाटक न थांबविता गाता येते हे महाराष्ट्राने पाहिले. लगोलग ते प्रभातमध्ये आले. कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास गेली होती, आणि १९३४च्या 'अमृतमंथन'पासून तिच्या अनेक श्रेष्ठ चित्रपटांचे संगीत केशवरावांच्या हाती राहिले.

यांपैकी 'संत तुकाराम' हा १९३६चा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, ही वार्ता सर्वश्रुत आहे. परंतु त्यातले संगीत कथा कशी सांगते, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा कोणी गवई गातो आहे असा भास क्षणभरही होत नाही. ताना नाहीत, मुरक्या नाहीत, आमच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यात एकादशीच्या रात्री जो भजनाचा आवाज ऐकू येतो, तोच हा आवाज, श्वासाइतका सहज. उलट सालोमालो तुकोबांचेच शब्द चोरून स्वतःच्या नावावर खपवितो, तेव्हा त्या शब्दांना तो तमाशाचा ठसका देतो, आणि शब्द तेच असूनही ते खोटे आहेत हे अक्षरशत्रू प्रेक्षकालाही तत्काळ उमगते. कोण सच्चा आणि कोण लबाड, याचा निवाडा येथे संवादाने केलेला नाही. तो चालीने केलेला आहे. आणि शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना त्या सच्च्या चालीत इतकी विरघळून गेली, की ती तुकोबांचीच आहे असे मानून कित्येक भाविक तिचा शोध गाथेत घेऊ लागले. कवीच्या प्रतिभेचा हा गौरव आहेच. परंतु संगीतकाराने दिलेली साक्ष किती विश्वसनीय ठरली, याचाही तो पुरावा आहे.

पुढच्याच वर्षी, १९३७ साली, नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' निघाला, आणि हिंदीत 'दुनिया न माने' या नावाने तो देशभर गेला. मामाने कपट करून एका वृद्ध, बिजवर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हा विवाह मानावयास नकार देते, एवढीच कथा. अशा कथेत संगीताला करुणेचा केवढा महापूर आणता आला असता! नीरेच्या प्रत्येक नकारामागे सारंगी, काकासाहेबांच्या प्रत्येक उसाशामागे व्हायोलिन, आणि आम्ही प्रेक्षकांनी हुकमासरशी रडावयाचे, असा तो मामला झाला असता. शांताराम आणि केशवराव या दोघांनी तो मार्ग सोडून दिला. चित्रपटातून पार्श्वसंगीत त्यांनी जवळजवळ संपूर्णपणे वर्ज्य केले. जो आवाज ऐकू येईल, तो त्या घरातून किंवा त्या रस्त्यावरून आलेला असला पाहिजे, असा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला. गाणे आहे, परंतु ते ग्रामोफोनच्या तबकडीसह नीरेच्या कंठातून उमटते; रस्त्यावरून गात जाणाऱ्या भिक्षेकऱ्याचे, मास्टर परशुरामाचे, गाणे खिडकीतून आत येते; लाँगफेलोची इंग्रजी कविताही नीरा स्वतःच गाते, आणि त्यातले शब्द ज्याला कळत नाहीत त्यालाही तिचा निर्धार कळतो. बाकी उरते ते घर : भांडी, पावले, दार, आणि भिंतीवरचे ते घड्याळ.

या दंडकाचा परिणाम काय होतो, याचा मी फार विचार केला आहे. आकाशातून येणारे पार्श्वसंगीत पात्रांना ऐकू येत नसते, ते केवळ प्रेक्षकासाठी असते; म्हणजे तेवढ्यापुरते आपण नीरेला त्या घरात एकटी सोडून बाहेर निघून येतो आणि तिच्याविषयी कोणीतरी आपल्या कानात सांगू लागतो. 'कुंकू'त ही पळवाट नाही. जे नीरेला ऐकू येते तेवढेच आपल्याला ऐकू येते, आणि रात्री घर निजल्यावर जेव्हा तिला घड्याळाखेरीज काहीच ऐकू येत नाही, तेव्हा आपल्यालाही सुटका उरत नाही. काकासाहेबांचे सरत चाललेले आयुष्य आणि नीरेचे वाया चाललेले तारुण्य, ही दोन्ही एकाच लंबकावर मोजली जात आहेत, हे सांगावयास तेथे कोणी वकील उभा केलेला नाही. माझ्या आजीला त्या पडद्यावर स्वतःचे घर सापडले, ते या संयमामुळे. सारंगी वाजली असती, तर तिला नीरेची दया आली असती, आणि दया करून ती मोकळी झाली असती. घड्याळ वाजले म्हणून तिला स्वतःची आठवण आली.

यावरून चित्रपटात पार्श्वसंगीत असूच नये असा अर्थ कोणी काढू नये. अठरा वर्षांनंतर, १९५५ साली, सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त याच सत्याची दुसरी बाजू दिसली. हरिहर परगावाहून परततो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोपुढे धरतो, आणि मुलगी या जगात नाही हे त्याला ठाऊक नसते. सर्वजया हंबरडा फोडते, परंतु तो हंबरडा आपल्याला ऐकू येतच नाही, त्याच्या जागी रविशंकरांनी योजिलेला तारशहनाईवरचा पटदीप टिपेला जाऊन भिडतो. येथे सूर शोकावर चढविलेला अलंकार नव्हे. मानवी कंठाला जे पेलवेना ते स्वतःच्या अंगावर घेऊन सूर त्या आईच्या जागी उभा राहिला आहे. 'कुंकू'त मौन बोलते, 'पथेर पांचाली'त सूर बोलतो. परंतु दोन्हीकडे पाहिले-ऐकले तेवढेच सांगितले आहे, पदरचे एक अक्षर घातलेले नाही.

वऱ्हाडच्या मातीने चित्रपटाच्या संगीताला पुढेही दिले. १९३२ साली अमरावतीतच जन्मलेल्या सुरेश भटांची गझल १९८२च्या 'उंबरठा'त हृदयनाथ मंगेशकरांच्या स्वररचनेतून आणि लताबाईंच्या कंठातून आली, आणि घर सोडून गेलेल्या सुलभेचे एकाकीपण संवादांना जेथवर नेता आले नसते तेथवर घेऊन गेली. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या लेखणीतून आणि राजदत्तांच्या दिग्दर्शनातून १९७७ साली गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला' साकारला. बाबांच्या भजनातलाच घोष त्या चित्रपटाचे शीर्षक झाला, कारण शेंडगावच्या या संताची ओळख पटविणारा त्याहून खात्रीचा दुसरा दस्तऐवज नव्हताच. हातातला खराटा, डोक्यावरचे गाडगे आणि तो घोष, एवढ्यावर आमच्या आजोबा-पणजोबांनी त्यांना ओळखले होते.

अमरावतीत राजकमल, चित्रा, प्रभात ही चित्रपटगृहांची नावे चौकांना पडली आहेत. चित्रपटावर एवढे प्रेम करणाऱ्या शहराने केशवराव भोळ्यांना मात्र आपल्या नित्याच्या स्मरणात जागा दिलेली नाही, याचे मला मनापासून दुःख होते. 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' हे त्यांचे पुस्तक गाणे शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या हाती पडावे, आणि वर्षातून एका संध्याकाळी अमरावतीत 'संत तुकाराम' आणि अकोल्यात 'कुंकू' दाखविला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. पुतळा नको, इतमाम नको. दिवे मालवावेत आणि लोकांनी नीट ऐकावे.

आमचे ते अकोल्याचे घड्याळ आता माझ्या अमरावतीच्या घरात आहे, आणि दर शनिवारी मी त्याला चावी देतो. आजी गेली, वडीलही गेले. परंतु 'कुंकू' जेव्हा कधी पुन्हा अकोल्यात लागेल आणि पडद्यावरच्या त्या घरात निजानीज होईल, तेव्हा अंधारात बसलेली एखादी बाई शेजारच्या माणसाला आजीचा तोच प्रश्न विचारील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण त्या साक्षीदाराने आपली जबानी अजून बदललेली नाही.