घाण एकाची, भुर्दंड दुसऱ्याला



कापसाचा भाव सोडून आम्ही या अंकात समुद्रातल्या कालवांवर लिहायला बसलो आहोत. पुण्याचे पाणी आम्हाला बाधले, असे काहींना वाटेल. पुढे वाचलेत तर पुण्याच्या पाण्याचाही विषय येणारच आहे.

कालव म्हणजे पाटाचा कालवा नव्हे. कोकणच्या खाड्यांत खडकाला चिकटून वाढणारा, शिंपल्यातला जीव. ओहोटी लागली की बायका लोखंडी हत्याराने शिंपला फोडून आतला गर काढतात आणि बाजारात वाटे लावून विकतात. तिसऱ्या, शिणाणे ही त्याच गोतावळ्यातली. आपल्या काळ्या रानातल्या बहुतेकांनी ही चव घेतलेली नसेल.

कालव जागचे हलत नाही. येईल ते पाणी आत घेते, गाळते आणि त्यातले खाद्य ठेवून बाकीचे सोडून देते. मोठे कालव दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी गाळू शकते. त्या पाण्यात शहराचा मैला असला तर त्यातले जंतूही अंगात साठतात, पाण्यात असतात त्याच्या कितीतरी पट. कालवाला त्याचे काही होत नाही, खाणाऱ्याला होते. वासाने कळत नाही, डोळ्यांनी दिसत नाही.

इंग्लंडात एम्सवर्थ नावाचे बंदर आहे. तिथे कालवांची पैदास करून विकणे हा मोठा धंदा होता. १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. ताटात एम्सवर्थची कालवे होती. पाहुण्यांना विषमज्वर झाला, माणसे दगावली. त्यात विंचेस्टरच्या मोठ्या चर्चचे डीनही गेले. बंदराचा धंदा बसला. पण जंतू आले कुठून? गावाच्या कौन्सिलने मैल्याची गटारे कालवांच्या वाफ्यांवरच सोडली होती.

फॉस्टर नावाच्या कालव-व्यापाऱ्याने वॉर्ब्लिंग्टनच्या कौन्सिलवर दावा लावला. कौन्सिलचे म्हणणे काय असावे? कालवांच्या वाफ्यांवर तुझी मालकीच शाबीत नाही, म्हणून तुला दावा लावता येत नाही. आपल्याकडची भाषा घाला: सातबारा दाखव! १९०६ साली अपील कोर्टाने सांगितले की, हा माणूस वर्षानुवर्षे ती जागा वहिवाटतो आहे. नुकसान करणाऱ्याविरुद्ध दाद मागायला एवढे पुरे. फॉस्टर जिंकला. तलाठ्याच्या दारात चपला झिजवलेल्या प्रत्येकाने हा निकाल ध्यानात ठेवावा.

अमेरिकेत हेच १९२४-२५ च्या हिवाळ्यात झाले. न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन अशा शहरांत कालवांतून विषमज्वर पसरला. दीड हजाराच्या आसपास माणसे आजारी पडली, सुमारे दीडशे मेली. गिऱ्हाइकाने कालवे खाणेच सोडले. त्यानंतर १९२५ साली नियम बसले. त्यांचे सूत्र आम्हाला पटते. आधी पाणी तपासा, मग माल. किनारा चालत जाऊन कुठले गटार कुठे मिळते ते पाहा, पाण्याचे नमुने घ्या, खाडीचे विभाग पाडा. इथे काढा, इथे मोठा पाऊस पडल्यावर काही दिवस बंद, इथे कायम बंद. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी, माल कुठल्या पाण्यातला आणि कधी काढला. युरोपात अशाच तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीच्या पाण्यातला माल सरळ बाजारात जातो, दुसऱ्या प्रतीचा आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवावा लागतो, तिसऱ्या प्रतीचा महिनोन्‌महिने स्वच्छ खाडीत.

इथे कुणी विचारेल, परवाने आणि इन्स्पेक्टर यांच्याविरुद्ध उभे राहायचे आणि कालवांना मात्र इन्स्पेक्टर मागायचा, हे कसे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, कापूस ओला आहे का हे घेणारा हाताने पाहतो. कालवातला जंतू त्याला दिसत नाही. आणि एका गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला की स्वच्छ माल विकणाराही मरतो. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपने भारताची मासळी घ्यायचे थांबवले, तेव्हा नीट काम करणाऱ्या कारखान्यांचा मालही पडून राहिला. तपासणी हवी, यावर आमच्या मनात संशय नाही.

संशय आहे तो पुढच्या पायरीवर. खाडी बंद केल्याची पाटी लागते तेव्हा कालवे काढणाऱ्या बाईची मजुरी जाते. ज्याने गटार सोडले त्याच्या घरी चूल पेटतेच. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागून काळी पडली, तर भाव पडतो. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरने प्रत उतरवली तर मुकाट घरी यावे लागे. पण पाऊस कुणी सोडलेला नसतो. गटार कुणीतरी सोडलेले असते, आणि त्याचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने समुद्राच्या पाण्याचे वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात शिंपले काढण्याचे पाणी येते, त्याच्याच शेजारी मिठागरेही. वर्ग कागदावर आहे. पण खाडीच्या तोंडाशी उभे राहून आज काढा किंवा आज काढू नका असे त्या बाईला सांगणारा माणूस आम्हाला कोकणात भेटलेला नाही. आपले लोक कालवे चांगली शिजवून खातात, म्हणून बरेचसे निभावते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याने उरण भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींवर भरपाई द्यावी, असा हुकूम दिला. बंदराच्या वाढीत खारफुटी आणि भरती-ओहोटीची जागा गेली, धंदा बुडाला, म्हणून. सातबारा नसलेल्या पाण्यावर पोट भरणाऱ्यांचे नुकसान मोजले गेले. फॉस्टरनंतर शंभरावर वर्षांनी.

आता पुणे. बैठकीला याल तेव्हा लकडी पुलावर क्षणभर थांबून मुठेचा वास घ्या. हे पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि उजनीत जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे पाणी शुद्ध केले म्हणून उचलतात आणि कालव्यात सोडतात. हवेली-दौंडकडची शेते त्यावर भिजतात. मुळा-मुठेसाठी सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. त्यात ११ शुद्धीकरण केंद्रे होती. प्रत्यक्ष कामाला २०२२ उजाडले.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बारे या आजाराचे रुग्ण निघाले, संख्या पुढे दोनशेवर गेली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, पाण्याकडे संशय गेला. पण लोकांचे बोट आधी कोंबडीकडे वळले, आणि धास्ती घेतली कोंबड्या पाळणाऱ्याने. उद्या पालकाच्या जुडीत असा जंतू निघाला तर नाव कुणाचे छापून येईल?

शेतकी कॉलेजात आम्हाला पाण्याची क्षारता मोजायला शिकवले. पाणी कुणी घाण केले, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. तो आता बैठकीत यावा.

आमचे म्हणणे महापालिका आणि पाटबंधारे खात्यापुढे असे ठेवायचे आहे. कालव्यात सोडलेल्या पाण्याची जंतूंची तपासणी दर पंधरवड्याला व्हावी आणि आकडा त्या-त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. पाणी कुठल्या पिकाला चालेल, कच्च्या खायच्या भाजीला की फक्त चाऱ्याला, ते त्यात स्पष्ट असावे. आणि ज्या पंधरवड्यात भाजी लावू नका असे सांगाल, त्या पंधरवड्याचे नुकसान गटाराच्या धन्याने भरावे. नदीकाठच्या भावांनी आपल्या वावरात येणारे पाणी प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी तपासायला द्यावे आणि पावती जपून ठेवावी. पुढच्या बैठकीला येताना ती पावती बरोबर आणा.