एकट्याचें काम नव्हे

शोध म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें एकांतांत नळ्या तापवीत बसलेला एखादा महापुरुष उभा राहतो. हा समज क्रमिक पुस्तकांनींच पोसला आहे. कर्करोगाच्या बाबतींत तरी तो साफ चुकीचा आहे, हें पाहण्यास मुंबईच्या परळ भागापलीकडे जावयास नको.

तेथें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. परळांतच १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. १९६६ सालीं दोन्ही संस्था एक झाल्या, आणि तें योग्यच झालें. प्रयोगशाळेचे प्रश्न शेवटीं रुग्णशय्येपाशींच सांपडावयाचे. संघवी, राव व खानोलकर यांनीं तंबाखू आणि मुख व घसा यांचा कर्करोग यांसंबंधीं १९५५ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा पाया म्हणजे रोग्यांची साधी विचारपूस: तंबाखू खातां काय? विडी ओढतां काय? उत्तरें देणारांचीं नांवें निबंधावर नाहींत. परंतु त्यांनीं संकोचानें खोटें सांगितलें असतें, तर तिघां विद्वानांची विद्या व्यर्थ गेली असती.

याहून बोलकें उदाहरण १९९८ सालीं सुरू झालेल्या कामाचें आहे. डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारें दीड लाख स्त्रियांची पाहणी योजिली. पैसा अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थांकडून आला. अर्ध्या वस्त्यांतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां झाली. साधन काय, तर व्हिनेगरमध्यें असतें तें पातळ ॲसेटिक आम्ल! तें लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्याही डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचें शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या होत्या. बारा वर्षांअंतीं तपासलेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी भरले. हा निष्कर्ष २०१३ सालीं जाहीर झाला.

उरलेल्या अर्ध्या वस्त्यांतील स्त्रियांस मात्र तपासणी न मिळतां केवळ माहिती मिळाली, म्हणून कांहीं टीकाकारांनीं आक्षेप घेतला. मला तो पोकळ वाटत नाहीं. सहकार्याचा सर्वांत जड भार कोणी वाहिला, हें त्यावरून उघड होतें. आणि ज्यांनीं तो वाहिला, त्यांना आपण संशोधक म्हणत नाहीं.

पालकांस एक सांगावयाचें आहे. आपल्या घरोघरीं या रोगाचें नांवही दबक्या आवाजांत घेतात. विचारावयास कोणी दारीं आलें, तर “आमच्यांत कोणी आजारी नाहीं” म्हणून त्यास परत लावूं नये. खरें उत्तर द्यावें. घरांतील स्त्रियांस तपासणीस जाऊं द्यावें. दहावीनंतर मुलीला घरीं बसवावी असा बेत ज्यांच्या मनांत असेल, त्यांनीं परळच्या त्या कार्यकर्त्यांचें शिक्षण किती होतें तें पुन्हां एकदां वर वाचावें. आणि विद्यार्थ्यांनों, पुढील वर्षीं गुरुजींनीं “माझा आवडता शास्त्रज्ञ” हा विषय घातला, तर त्यांच्यापैकीं एकीवर लिहावयास हरकत नसावी.