माळ्यावरचा रणगाडा खाली काढा

पन्नाशीला टेकलेल्या ज्या मंडळींच्या माळ्यावर, जुन्या सूटकेसच्या मागे, अर्धवट जोडलेल्या रणगाड्याचं किंवा विमानाचं खोकं पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आखातातल्या मामानं आणलेलं ते खोकं. मग बारावी, नोकरी, लोकल, लग्न, घराचे हप्ते. आता मुलं मार्गाला लागली आणि हात पुन्हा शिवशिवू लागले. जरूर परत या. पण खरेदीनं सुरुवात करू नका. आधी माळ्यावरचं खोकं खाली काढा आणि मग एक पिशवी घेऊन वाशीच्या एपीएमसी मार्केटात जा. मसाला मार्केटात. का ते पुढे सांगतो.

मधल्या काळात मॉडेल जोडण्याचा हा छंद पार बदलला. पाण्यानं पातळ होणारे अ‍ॅक्रिलिक रंग आले, सांध्याला ब्रश टेकवला की आपोआप फटीत ओढलं जाणारं पातळ सिमेंट आलं, पितळी पत्र्यातून कोरलेले केसाएवढे भाग आले. मोबाइलवर हे सगळं बघितलं की पहिल्याच आठवड्यात एअरब्रश, कॉम्प्रेसर आणि चार नवी खोकी मागवावीशी वाटतात. मागवू नका. परदेशातून येणाऱ्या चांगल्या रणगाड्याला हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि न उघडलेली खोकी कपाटात साठली की त्यांच्याकडे बघायचीही चोरी होते. पातळ सिमेंटची बाटली तेवढी घ्या, ती खरंच कामाची. पितळ राहू दे.

जुन्या खोक्यातलं प्लॅस्टिक सहसा टिकतं. बिघडतं ते बाकीचं. ट्यूबमधल्या सिमेंटचा दगड होतो, रंगाच्या डब्या उघडत नाहीत. पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं, म्हणजे डेकल, पिवळी पडतात आणि पाण्यात टाकताच त्यांचा चुरा होतो. म्हणून आधी एखादं नको असलेलं चिन्ह भिजवून बघा. तडकलं, तर उरलेल्या कागदावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मग एकेक चिन्ह कडेनं कापून घ्या.

सगळ्यात आधी मात्र पट्टे तपासा. जुन्या रणगाड्यांचे पट्टे मऊ व्हायनिलचे असायचे. ते वर्षानुवर्षं चाकांना टेकून राहिले, की व्हायनिल मऊ ठेवणारं द्रव्य पाझरतं आणि शेजारचं कडक प्लॅस्टिक चक्क वितळवतं. चाकाच्या कडेवर पट्ट्याच्या दातांचे खळगे उमटलेले दिसतील. घाबरू नका. पट्टा वेगळ्या पिशवीत ठेवा, खळगे पुटीनं भरा, घासा आणि ती बाजू चिखलात रुतलेली दाखवा. चिखलासारखा मित्र या छंदात दुसरा नाही. सगळे भाग भांड्याच्या साबणानं धुवून वाळवा, म्हणजे रंग धरेल. चाळिशीचा चष्मा असेलच. डोक्याला लावायचं भिंगही घ्या. त्यात लाज कसली?

आता, करायचं काय? खोक्यावर परदेशी सैन्याचं चित्र आहे म्हणून तेच करायला हवं असं नाही. सेंच्युरियन निघाला, तर तो पूना हॉर्सचा करा. याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, जन्मानं मुंबईकर, १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर सेंच्युरियनमधून लढले. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगडच्या पट्ट्यातल्या बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय २१, आपल्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. भारतीय चिन्हांचे डेकल मिळवायला वणवण करू नका. बारीक ब्रशनं आकडे आणि नाव हातानं काढता येतं. आणि एकदा अहिल्यानगरला जाऊन या. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियनही आहे, विजयंताही आहे आणि पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटनही. तिथल्या रंगावर जाऊ नका, उघड्यावरचे रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवले जातात. वेल्डिंगची वळ किती जाड आहे, चिखल साठायला चाकांमागे जागा कुठे आहे, ते बघा.

विमानवाल्यांनी नॅट करावं. पंखांची रुंदी पावणेसात मीटरही नाही, म्हणजे १:७२ मध्ये साडेनऊ सेंटिमीटरच्या आत. वन बीएचकेतही जागा सापडेल. फक्त खोकं एक आसनाचं आहे ना, ते बघून घ्या. दोन आसनांचं नॅट हे प्रशिक्षणाचं विमान. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवरून हवाई दलाचे निर्मलजीतसिंग सेखों उडाले ते एक आसनाचं.

रणगाडा तयार झाला, पण तो उभा कशावर करणार? इथे मसाला मार्केट कामाला येतं. परदेशी कंपन्यांच्या चिमूटभर ‘गवता’च्या आणि ‘खडी’च्या पाकिटांना भरमसाट पैसे पडतात. आपल्याकडे दगडफूल आहे. ते मुळात खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारं, दगडी रंगाचं, कडेला कुरळं. बोटानं तुकडे करून पुठ्ठ्याच्या चढावर चिकटवा, वाळकं झुडूप तयार. खसखशीचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणजे १:३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरची खडी. मोहरी साधारण त्याच्या दुप्पट, म्हणजे नदीकाठचे गोटे. बाहेर बारदानाचे ढीग असतात, त्यातली फाटकी गोणी मागून घ्या. तिचे धागे उसवून, बोटभर जुडी कापून, डिंकात बुडवून उभी केली की शकरगडच्या पट्ट्यातलं उंच वाळकं गवत होतं. फळ मार्केटात आंब्याच्या पेटीतला पेंढा मिळतो. मात्र त्याची काडी १:३५ च्या शिपायाला बांबूएवढी दिसते. ती चिरून घ्या किंवा सरळ सोडून द्या. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून रान उगवणाऱ्यांना यात नवं काहीच नाही. आपलं पहिलं लष्करी मॉडेल तेच होतं, हे आपणच विसरलो.

एक सावधगिरी. मोहरी आणि खसखस हे खाद्य आहे. झाकलं नाही तर मुंग्या येतात, आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीही. चिकटवण्याआधी मंद आचेच्या तव्यावर दाणे कोरडे करा. चिकटवल्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल वरून सोडा, वाळला की रंग आणि शेवटी मॅट वॉर्निश, म्हणजे दाणा चारी बाजूंनी बंद. एकही दाणा उघडा ठेवू नका.

पावसाळ्यात आणखी एक होतं. दमट हवेत लॅकर किंवा स्प्रेचा डबा मारला की पृष्ठभागावर पांढुरकी झाक चढते. जून ते सप्टेंबर जोडकाम करा, घासकाम करा, जमीन तयार करा, स्प्रे दिवाळीनंतर. ब्रशनं अ‍ॅक्रिलिक लावायला हरकत नाही, हात पातळ ठेवा आणि दोन हातांमध्ये नीट वाळू द्या. थिनरचं काम असेल तर खिडकी उघडी हवी, आणि घरच्यांना डोकेदुखी होईल असा कोपरा निवडू नका. हा छंद पूर्वी कशामुळे बंद पडला, ते आठवून बघा. बऱ्याच घरांत कारण तो वासच होता.

मार्केटात जायचं तर घरातली मंडळी वर्षाचा मसाला भरायला जातात, त्या मार्च-एप्रिलच्या फेरीत जा. गोण्यांचा व्यवहार करणाऱ्या गाळ्यावर मूठभर दगडफूल मागितलं तर कुणी दारात उभं करणार नाही. ते घरच्या यादीत असतंच. जरा जास्त घ्यायला सांगा. घरी आल्यावर आपला वाटा आधी वेगळा काढा, वेगळ्या बरणीत भरा आणि बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहा. रंगाचा ब्रश लागलेलं दगडफूल गोड्या मसाल्यात गेलं, तर रणगाडा पुन्हा माळ्यावर जाईल.